आधी तारीख, मग तिथी: जोडीदाराच्या कॅन्सरमध्ये घरची श्रद्धा कशी सांभाळावी

तुकडा तपासणीचा (बायोप्सीचा) रिपोर्ट हातात पडला की खान्देशातल्या घरात दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. कुणीतरी नाशिक-मुंबईच्या दवाखान्यांचे नंबर शोधायला लागतं, आणि कुणीतरी कुलदेवीपुढे नारळ ठेवून येतं. दोन्ही कामं आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो दोन्हींच्या तारखा एकमेकींवर आदळल्या की. केमोच्या दिवशीच निर्जळी एकादशी येते, शेकाच्या (रेडिएशनच्या) चौथ्या आठवड्यात नवरा पायी सप्तशृंगीच्या गडावर निघतो, पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात नेमकी तेव्हाच कानबाईच्या सणाला पन्नास माणसं घरात असतात. पुढची सगळी माहिती ही टक्कर टाळण्यासाठी आहे.

पहिला आठवडा: कागद

या आठवड्यात कुणीही नवस बोलू नये. घाबरलेल्या माणसाचा नवस फार मोठा असतो आणि नंतर तो घराच्या गळ्यात पडतो. देवापुढे दिवा लावा, तेवढं पुरे. बाकीचा वेळ कागदांना द्या.

एक जाड प्लास्टिकची फाईल घ्या. तिच्यात बायोप्सीचा रिपोर्ट, सोनोग्राफी-सीटी-एमआरआयचे रिपोर्ट आणि सीडी, रक्ताच्या तपासण्या, चालू गोळ्यांची यादी, आधार आणि रेशन कार्डाच्या प्रती ठेवा. लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. हे दोन्ही बहुतेक लोक विसरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही मोठ्या केंद्रात गेलात तर तिथले डॉक्टर तुकडा पुन्हा स्वतः तपासतात. ब्लॉक सोबत नसेल तर एक फेरी आणि काही दिवस वाया जातात. मेणाचा ब्लॉक उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, तो मऊ पडतो. एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळकडून निघणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

याच आठवड्यात कुणीतरी सांगायला येणार: "लोखंड लागू देऊ नका, लोखंड लागलं की पसरतो." म्हणजे सुई, तुकडा, ऑपरेशन काहीच नको. हा समज कुठून आला हे कळण्यासारखं आहे. पूर्वी लोक फार उशिरा दवाखान्यात जात, पोट उघडलं की आजार आधीच पसरलेला दिसे, आणि दोष सुरीवर जाई. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सरचा प्रकार कळत नाही आणि प्रकार कळल्याशिवाय औषध ठरत नाही. घरातल्या मोठ्या माणसाने, आबांनी किंवा जिभाऊंनी, हे एकदा सगळ्यांसमोर बोलावं. सुनेने किंवा मुलाने बोललं तर वाद होतो.

त्याच बैठकीत आणखी एक वाक्य उरकून घ्या: "हा आजार कुणाच्या करणीने, पायगुणाने किंवा पापाने आलेला नाही. या घरात तो विषय पुन्हा निघणार नाही." हे बोललं गेलं नाही तर दोन महिन्यांनी ते दुसऱ्या तोंडाने निघतं, आणि बहुधा रुग्णाच्या बायकोवर नाहीतर रुग्ण असलेल्या सुनेवर शेकतं.

एक कालनिर्णय, दोन पेनं

देवघराशेजारी नवीन कालनिर्णय टांगा आणि लाल, निळी अशी दोन पेनं दोऱ्याला बांधून ठेवा. लाल पेनाने उपचार लिहायचे: केमोची तारीख, तिच्या एक-दोन दिवस आधीची रक्ततपासणी, स्कॅन, डॉक्टरांची भेट. निळ्याने एकादशी, चतुर्थी, कुलाचार, श्राद्ध, आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई. नियम एकच: लाल आणि निळं एकाच चौकटीत आलं तर निळं सरकतं.

केमो झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत लाल चौकट आखा. पुष्कळ औषधांत या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात आणि साधा जंतूही अंगावर येऊ शकतो. १ तारखेला केमो असेल तर ७ ते १४ या चौकटीत पाहुणे, मंदिरातली गर्दी, लग्न, दशक्रिया काहीच धरू नका. औषधागणिक हे दिवस बदलतात, दर आठवड्याच्या केमोचं गणित तर वेगळंच असतं. म्हणून पहिल्या केमोच्या दिवशी डॉक्टरांना थेट विचारा, "काउंट (पांढऱ्या पेशींचा आकडा) कोणत्या दिवसांत पडेल?" आणि त्यांनी सांगितलेल्या तारखा लिहा.

सणासाठी केमो पुढे ढकलावी का, हे फोन करून विचारा, मनाने ठरवू नका. एखाद-दोन दिवसांचा फरक कधीकधी चालतो. शेकाचं तसं नाही. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा शेक सोमवार ते शुक्रवार असा कित्येक आठवडे चालतो आणि मध्ये खंड पडला की त्याचा परिणाम कमी होतो. गर्भाशयमुखाचे सगळे उपचार, आतून दिला जाणारा शेक धरून, आठ आठवड्यांच्या आत संपवायचे असतात. चार दिवसांची दिवाळीची सुट्टी घरचे सहज मागतात, म्हणून हे कारण त्यांना आधीच सांगून ठेवा.

देवघराचा दुसरा उपयोगही करून घ्या. थर्मामीटर दिव्याच्या ताटलीशेजारी ठेवा. सकाळच्या पूजेला आणि दिवेलागणीला ताप पाहायचा आणि त्याच कालनिर्णयावर आकडा लिहायचा. वेळ ठरवून काम करायला जी घरं चुकतात, त्यांची सांजवात मात्र चुकत नाही. ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी केमो देणाऱ्या दवाखान्याला फोन करा आणि निघा. काउंट पडलेला असताना ताप म्हणजे काही तासांत बिघडू शकणारी गोष्ट. अंगारा लावायचा तर गाडीत बसल्यावर लावा.

नवस कसा बोलावा

नवस बोलायचाच असेल तर उपचाराचा आराखडा ठरल्यावर, म्हणजे किती केमो, किती शेक, ऑपरेशन कधी हे कळल्यावर, चार जणांनी बसून बोलावा. एका वहीत लिहावा: कुणी बोलला, कोणत्या देवाला, काय देणार, कोण फेडणार, कधी. वही नसली की आईने एक नवस केलेला असतो, नणंदेने दुसरा, मामांनी तिसरा, आणि शेवटी सगळे फेडायला रुग्णच पुढे लागतो.

या नवसांत चार गोष्टी नकोत.

रुग्णाच्या शरीरावर पडणारं काही नको. अनवाणी चालत येईन, लोटांगण घालीन, पाच शनिवार उपाशी राहीन, हे नको. पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधांनी पायाच्या नसा बधिर होतात. काटा घुसला तरी कळत नाही. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळपाय लाल होऊन सोलतात. अशा पायांनी चैत्रातल्या डांबरावर चालणं म्हणजे जखम ठरलेलीच.

काळजी घेणाऱ्याला घराबाहेर नेणारं काही नको. चैत्र पौर्णिमेला सप्तशृंगीच्या गडावर खान्देशातून पायी जायला, गाव कुठलं त्यावर, चार-पाच दिवस ते आठवडा लागतो. त्याच आठवड्यात बायकोला मध्यरात्री ताप आला तर गाडी कोण काढणार? त्या वर्षी पुतण्याने किंवा भाच्याने चालावं. व्रतात प्रतिनिधी चालतो ही जुनी रीत आहे, आणि नवरा-बायको तर एकमेकांचं व्रत पुरं करतातच. रुग्णाला पुढे केव्हातरी जायचं असेल तर गडावर आता ट्रॉली आहे, पाचशेहून जास्त पायऱ्या चढायची गरज नाही. पण गर्दीचे दिवस सोडून जा.

कर्जाचं काही नको. बोकड आणि गावजेवण हा नवस ऐकायला साधा वाटतो. आजच्या भावात तो कित्येकदा दोन केमोंच्या औषधांइतका जातो. जेवण घालायचंच असेल तर घरापुरतं.

आणि उपचाराला अट लावणारं काही नको. "पाच मंगळवार होईपर्यंत सुई लावणार नाही" हा नवस नव्हे, तो पाच आठवड्यांचा उशीर आहे.

मग मागायचं काय? आजच फेडता येईल असा नवस आमच्या मते सगळ्यांत चांगला. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर असेल तर घरातल्या सगळ्या पुरुषांनी मिळून तंबाखू, गुटखा, मिश्री सोडायची, तीही त्याच दिवशी. शेक चालू असताना तंबाखू सुरू राहिली तर तोंड जास्त सोलतं आणि उपचाराचा गुणही कमी येतो. भाऊ समोर बसून मळत असेल तर रुग्णाचं सुटत नाही. मुक्ताईची किंवा पंढरीची माळ घालून व्यसन सोडण्याची वाट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे, तिचा इथे उपयोग करा.

मोठा नवस फेडायचा मुहूर्त शेवटच्या उपचारानंतर निदान तीन महिन्यांनी, पहिली तपासणी होऊन डॉक्टरांनी गर्दीत जायला हरकत नाही म्हटल्यावर धरा.

उपास, आणि ताटातलं बाकीचं

केमोचा आदला दिवस, केमोचा दिवस आणि पुढचे तीन दिवस रुग्णाने कोणताही उपास करू नये. खरं म्हणजे पूर्ण उपचार होईपर्यंत न केलेला बरा. पण काही जणींचा जीव एकादशीत असतो आणि ती सोडायला लावली तर त्या काहीच नीट खात नाहीत. तिथे मधला मार्ग काढा: उपास ठेवायचा, उपाशी राहायचं नाही. दर दोन तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे.

यात साबुदाण्याची खिचडी हा नेमका चुकीचा पदार्थ आहे. उलटीसाठी देतात त्या ऑन्डॅन्सेट्रॉन गोळीने पोट आवळतं, त्यावर साबुदाणा म्हणजे चार दिवस शौचाला नाही. शिवाय केमोबरोबर डेक्सामेथासोन दिलेलं असेल तर साखर वाढते. मधुमेह असलेल्याला साबुदाणा, रताळं, गोड दूध हे सगळं मिळून फार होतं. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, घरी विरजलेलं ताजं दही, पनीर, शेंगदाण्याची पातळ आमटी, भगर द्या. केळ्याला आपल्याकडे तोटा नाही आणि स्वतःच्या हाताने सोलून खायचं फळ म्हणून ते सुरक्षितही आहे. गाडीवर कापून ठेवलेलं टरबूज मात्र टाळा.

निर्जळी कधीही नाही. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर ताण आणतं आणि त्या दिवसांत पाणी कमी पडलं तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा) चढतं, मग पुढची केमो अडते.

रोज्यांचंही हेच. आजारी माणसाला रोजा माफ आहे, नंतर कजा (राहिलेला रोजा) करता येतो किंवा फिदया (त्याबदली दान) देता येतो. घरात वाद असेल तर मौलानांना दवाखान्याचा कागद दाखवून विचारा, उत्तर लगेच मिळतं.

डॉक्टर "अंडी खा" म्हणतात आणि माळकरी घरात तिथेच गाडी अडते. प्रथिनं पोटात जायला हवीत, ती अंड्यातूनच जायला हवीत असं नाही. उपचाराच्या काळात दर किलो वजनाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. हिशेब असा धरा: एक मोठा पेला दूध ८ ग्रॅम, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे ७ ते ८, १०० ग्रॅम पनीर सुमारे १८, कच्ची डाळ ३० ग्रॅम म्हणजे ७. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतोच, ती दुधात किंवा पातळ डाळीत कुस्करून दिली तर तोंड आलेल्या माणसालाही जाते. काळा मसाला, शेवभाजी, हिरव्या मिरचीचं भरीत या काळात तोंड जाळतं. भरीत मिरचीशिवाय करा, वांगी भाजून साय घालून. अस्सल भरीतवाल्यांना हे पाप वाटेल, पण तोंडाचा शेक चालू असताना तेच गिळलं जातं.

तोंड आलं असेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या. पाणी रोज नवं करा.

तीर्थ, प्रसाद, अंगारा, दोरा

काउंट पडलेल्या दिवसांत मंदिरातलं तीर्थ आणि पंचामृत नको. कच्चं दूध, नदीचं पाणी, एकच पळी आणि शंभर हात, यातून जुलाब लागायला वेळ लागत नाही. घरच्या देवाला उकळून गार केलेल्या पाण्याने अभिषेक करा आणि तेच तीर्थ द्या. प्रसादात गरम शिरा चालतो, खडीसाखर चालते. मंदिरात फोडून तासभर ताटात पडलेलं खोबरं नको. फुटाणे तोंड आलेल्याला नको.

अंगारा, भंडारा, हळद-कुंकू कपाळाला चिमूटभर लावायला हरकत नाही. शेक जिथे चालू आहे त्या कातडीवर मात्र काहीही लावायचं नाही, हळद नाही, चंदन नाही, तेल नाही. शेकासाठी काढलेल्या शाईच्या खुणा घासून काढू नका. त्या गेल्या तर पुन्हा मोजमाप करावं लागतं.

मान किंवा तोंडाच्या शेकात गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागते. तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात, त्याखाली मणी चालत नाही. माळकऱ्याला हे ऐन टेबलावर कळलं तर तो हादरतो. म्हणून आधीच, ज्यांनी माळ घातली त्या महाराजांना घरी बोलावून किंवा फोनवर विचारून घ्या. माळ देवापुढे ठेवावी, घरी आल्यावर पुन्हा घालावी, असं त्यांनी स्वतः सांगितलं की प्रश्न मिटतो. एमआरआयला मंगळसूत्र, जोडवी, नथ, कमरेच्या करदोट्यातला धातू, सगळं काढावं लागतं. सासूबाईंना आदल्या दिवशी सांगा आणि एक छोटी पिशवी सोबत न्या. हळदीत बुडवलेला साधा दोरा तेवढ्या वेळासाठी बऱ्याच बायका गळ्यात ठेवतात, तोही चालेल का ते तंत्रज्ञाला विचारा.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला घट्ट बांगडी किंवा गंडा घालू नका. त्या हाताला सूज चढू शकते आणि चढली की ती पूर्ण उतरवणं कठीण. इंजेक्शन आणि बीपीही दुसऱ्याच हाताला. 

दृष्ट मीठ-मोहरीने उतरवा आणि बाहेर टाकून द्या. लाल मिरच्या निखाऱ्यावर टाकून घरभर ठसका उठवणं फुप्फुसाच्या किंवा घशाच्या रुग्णाला झेपत नाही. धूप आणि कापरालाही तेच लागू.

केस पहिल्या केमोनंतर दोन ते तीन आठवड्यांनी जातात, सगळ्याच औषधांनी नाही, पण पुष्कळांनी. नवरा जिवंत असताना बाईच्या डोक्यावरचे केस जाणं हा आपल्याकडे अजूनही अपशकुन मानतात, आणि तो घाव त्या बाईलाच बसतो. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आधी सांगून ठेवा, की हे औषधाचं काम आहे आणि केस परत येतात. कुंकू तिने नेहमीसारखंच लावावं.

कानबाई आणि आखाजी

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. भाऊबंदकी गोळा होते, रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी मिरवणूक. घरात रुग्ण असेल आणि तो लाल चौकटीत असेल तर त्या वर्षी कानबाई दुसऱ्या भावाच्या घरी बसवा, हे आषाढातच ठरवा. रुग्णाच्या नावाचा गहू कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाच्या पिठात घालायला विसरू नका. वेगळं काढलं गेल्यासारखं त्याला वाटता कामा नये. रोट घराबाहेर देत नाहीत, घरच्यांनीच संपवायचे, म्हणून ते पुढेही खाल्ले जातात. रुग्णाला पहिल्या दिवशीचा गरम रोट आणि गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी द्या. श्रावणातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवसाचं पुरण इतरांनी संपवावं.

आखाजीला लेक माहेरी येतेच. उपचारातली लेक आली तर तिच्याबरोबर फाईल, गोळ्या आणि दवाखान्याचा नंबर आला पाहिजे. दुपारी अकरा ते पाच प्रवास नको. पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि केमोनंतरचं शरीर पाणी धरून ठेवत नाही. आंब्याचा रस बर्फाच्या पाण्याने पातळ करू नका.

भगत, बाबा, झाडपाला

धडगाव-अक्कलकुवा पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांत भगताला टाळून कुटुंब पुढे जात नाही, आणि टाळायचा प्रयत्न केला की रुग्ण गुपचूप जातोच. त्यापेक्षा दवाखान्यात निघण्याआधी भगताकडून पूजा करून घ्या आणि त्याच्याच तोंडून "जा, सुई घ्या" असं वदवून घ्या. भगत गावचा असतो, त्याला रुग्ण जगायला हवा असतो. परगावचा बाबा, जो पैसे आगाऊ घेतो आणि गोळ्या बंद करायला सांगतो, तो वेगळा प्राणी. ओळखायला ही दोनच लक्षणं पुरतात.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन यांना हात लावलेला नाही. चमत्काराचा दावा करून लुबाडणं, भूत उतरवायच्या नावाने मारहाण हे मात्र गुन्हे आहेत, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणंही १९५४ च्या कायद्याने बंद आहे, तेव्हा तसा बोर्ड दिसला की तोच पुरावा समजा.

काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका, बाटलीच घेऊन जा. गुळवेलीच्या काढ्याने यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत, भस्मांत जड धातू असतात. काढ्यामुळे एसजीपीटी (यकृताच्या तपासणीतला आकडा) चढला आणि डॉक्टरांना तो केमोचा दोष वाटला तर ते कामाचं औषध कमी करतील.

भेटायला येणारे, आणि पैसा

"कसं शे आते?" (कसं आहे आता?) म्हणत येणाऱ्यांची रांग लागते. दाराशी एक माणूस नेमा, शक्यतो न लाजणारी आत्या. दोन जण, दहा मिनिटं, हात धुऊन, सर्दी असेल तर ओट्यावरूनच. कॅन्सर शिवल्याने होत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळी करू नका, उलट रुग्णाला पाहुण्यांपासून जपायचं आहे. केमोनंतर दोन दिवस उलटी-लघवी साफ करताना हातमोजे घाला, एवढंच.

देवाचं काय करता येईल असं विचारणाऱ्यांना काम द्या. भजनी मंडळाने आठवड्यातून एकदा अंगणात हरिपाठ म्हणावा, रुग्ण आतून ऐकेल. बाकीच्यांनी रक्तगट वहीत लिहून द्यावा, कारण प्लेटलेट कधी लागतील ते सांगता येत नाही. काळजी घेणाऱ्या जोडीदाराने सात दिवसांच्या कडक पारायणाचा संकल्प या काळात करू नये. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पळावं लागतं, पारायण मोडतं आणि वाईट बातमी आली की "मी मोडलं म्हणून" हे मनात बसतं. नामस्मरणाला मोडणं नाही, ते सलाईनच्या खुर्चीशेजारीही होतं.

पैशासाठी देवळाआधी आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाला, गाठा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशन कार्ड आणि आधार लागतं, मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यायची असते, चौकशी १५५३८८ वर. आधार आणि रेशन कार्डावरच्या नावात फरक असेल तर पहिल्या आठवड्यातच दुरुस्तीला टाका, बहुतेक अर्ज तिथेच अडतात. धर्मादाय दवाखान्यांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत राखीव असतात, तिथे उत्पन्नाचा दाखला न्या. मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासासारखी काही देवस्थानं रुग्णांना मदत देतात, अर्जाबरोबर दवाखान्याचं खर्चाचं पत्रक लागतं. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीच्या मूळ भाड्यात पूर्ण सवलत आणि सोबत्याला ७५ टक्के. दवाखान्याने भरलेला फॉर्म खिडकीवर द्यायचा, मोबाइलवर ही सवलत मिळत नाही. भुसावळ-जळगावहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस सकाळी दादरला सोडते. दादर पूर्वेला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, तिथे वर्षानुवर्षं टाटाचे रुग्ण राहतात. जागेसाठी दवाखान्याच्या समाजसेवा विभागात विचारा.

गुण आला नाही तर

उपचार चालत नाहीत असं डॉक्टर सांगतात तेव्हा घर पुन्हा पहिल्या आठवड्यासारखं सैरभैर होतं आणि बाबांचे नंबर बाहेर येतात. त्या वेळी दुखणं थांबवणं हे पहिलं काम. मॉर्फिनच्या गोळ्या मान्यताप्राप्त केंद्रात मिळतात, २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून त्या देणं दवाखान्यांना सोपं झालं आहे. दुखणं हे भोग म्हणून सोसायचं असतं, हे रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवू नये. गोळी घड्याळाप्रमाणे द्या, कळ आल्यावर नाही. बरोबर शौचाचं औषध रोज हवंच, नाहीतर रुग्णच मॉर्फिन नको म्हणतो. त्याला घरी राहायचं आहे की दवाखान्यात, गडाच्या पायथ्याशी एकदा जाऊन यायचं आहे का, लेकीला बोलवायचं आहे का, हे त्यालाच विचारा. विचारायला जोडीदाराला जड जात असेल तर रोज हरिपाठाला येणाऱ्या एखाद्या तात्यांना सांगा.

आणि नवसाची वही काढा. नवस हा अटीवर बोललेला असतो. गुण आला तर देणं, नाही आला तर देणं लागत नाही. हे मुलांना स्पष्ट सांगा, कारण तेराव्यानंतर कुणीतरी "देवीचं राहिलं" म्हणतं आणि थोरला मुलगा सोसायटीचं कर्ज काढून बोकड आणायला निघतो. वहीतल्या त्या ओळींवर घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारावी, खाली तारीख घालावी, आणि वही देव्हाऱ्यात ठेवून द्यावी.